पुस्तकांचं वाळवण

घटस्थापनेच्या आसपास कोल्हापुरात एक सकाळ अशी उजाडते, की दार उघडल्यावर समोरच्या गच्चीच्या कठड्यावर गाद्या दिसतात. पावसाळा संपला हे आमच्याकडं गाद्यांवरून कळतं. हवामान खात्याला ते नंतर कळतं. गाद्यांमागून गोधड्या येतात, मग बुरशी धरलेल्या वहाणा, मग तोंडाला फडकं बांधलेली लोणच्याची बरणी. चार महिने ओल पिऊन फुगलेली दारं हळूहळू चौकटीत बसायला लागतात. माणसं रस्त्यात थांबून डोळे बारीक करून एकमेकांकडं बघतात, जणू सगळा गाव तळघरातून वर आलाय.

या उन्हाला वास असतो. गावाबाहेर राहणाऱ्यांना तो गुऱ्हाळाचा वाटतो. मला मात्र कागदाचा येतो. कडुलिंबाचा पाला, वेखंड, आणि त्याखाली जुन्या कागदाचा तो थोडा गोड, थोडा कुजका दर्प. यंदाही आला. यंदा मी गाद्यांकडं नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो, कारण गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयानं आपली दुर्मिळ पुस्तकं लोकांसाठी खुली केली आणि त्या समारंभाला मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, घेऊन गेलो होतो.

कॉलेज संस्थानी काळातलं. काळा दगड, उंच कमानी, आणि दारं एवढी मोठी की बांधणाऱ्यांना विद्यार्थ्यांऐवजी हत्तींची अपेक्षा असावी. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा ती तिथं मुरलेली होती. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिला कायम कुलूप. आत शिसवी कपाटांत हस्तलिखितं, शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या, संस्थानाच्या खजिन्यातून आलेले ग्रंथ. ती पुस्तकं घरी मिळत नसत आणि तिथं बसूनही वाचायला मिळत नसत. एवढी मौल्यवान होती, की ती वाचणं हा त्यांचा अपमान समजला जाई. प्राध्यापकांनासुद्धा लेखी परवानगी लागे. परवानगी येईपर्यंत त्या प्राध्यापकांचा त्या विषयातला रस संपलेला असे.

फक्त ऑक्टोबरात ती खोली उघडायची.

ग्रंथपाल मुजावर सर होते. शिडशिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चालताना कमरेच्या किल्ल्या वाजायच्या. ऊन चांगलं कडक झालं की ते वर्गावर्गांत येऊन मुलंमुली निवडायचे. निवडीचा निकष हुशारी नव्हता. ज्याचे तळहात घामेजत नाहीत तो निवडला जाई. सर हात पुढं करायला लावत, आपल्या बोटांनी तळवा चाचपत आणि म्हणत, "तू चल. तू न्हाई. तुझ्या हातात पुस्तक दिलं तर भाजी हुईल त्याची." आमच्या घराण्यात बाकी काही नसलं तरी तळहात कोरडे. मी आणि आक्का दोघंही निवडलो गेलो.

मधल्या चौकात सतरंज्या अंथरायच्या. त्यावर पुस्तकं उघडी ठेवायची, दोन्ही बाजूंना नदीतले गुळगुळीत गोटे ठेवून. प्रत्येकानं आपल्या पुस्तकाशेजारी बसायचं, कावळे हाकलायचे आणि पानं उलटायची. पण मनाला येईल तेव्हा नाही. सर चौकात फेऱ्या मारत. वाकून, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा उलटा हात पानावर ठेवत. "गार हाय अजून. राहू दे." किंवा, "झालं. पलट. आहिस्ता." त्यांनी म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही. पुढं जाता येत नाही आणि उठताही येत नाही, अशा माणसानं करायचं काय? तो समोरचं पान वाचतो. एकदा वाचून होतं, पान गारच असतं, मग पुन्हा वाचतो. त्या चौकात आम्ही एकेक पान जितक्या वेळा वाचलं तितका मान परीक्षेच्या पुस्तकांना आयुष्यात दिला नाही. सरांना हे ठाऊक होतं. एखादी मुलगी पुस्तकावर फारच वाकलेली दिसली की ते मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत.

माझ्या वाट्याला घोड्यांच्या रोगांवरचं पुस्तक आलं होतं. कोणाच्या घोड्याला पोटशूळ झाला तर आजही मी दोन शब्द सांगू शकेन. अजून कोणी विचारलेलं नाही.

आक्काच्या वाट्याला एका बाईचा प्रवास आला.

शिळाप्रेसवरचं पुस्तक, लाल कापडी बांधणीचं, पहिल्या पानावर नावेचं वेडंवाकडं चित्र. लिहिणारीचं नाव त्यावर नव्हतं. अमक्या कारभाऱ्याची विधवा, एवढंच. आपल्याच भागातली. नवऱ्याच्या अस्थी घेऊन ती दिराबरोबर बैलगाडीनं काशीला निघाली होती. आक्का रात्री जेवताना आम्हाला त्या दिवशीचा प्रवास सांगायची. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?" तिसऱ्या दिवशी आईच भाकरी थापताना विचारायला लागली, "मग? दीर काय म्हणाला?" ऊन चांगलं पडलं तर बाई दोन मुक्काम पुढं जायची. ढगाळ असलं की जागची हलायची नाही. वडील सकाळी अंगणात उभे राहून आभाळाकडं बघत. त्यांना एरवी आभाळाशी काही देणंघेणं नव्हतं. ते पोस्टात होते.

बाईनं गोदावरी ओलांडली. एका गावात बैल आजारी पडला तेव्हा दिरानं तिच्या गाठोड्यातल्या पाटल्या मागितल्या, तिनं दिल्या नाहीत. मग बोलणं बंद झालं. नर्मदेच्या काठी धर्मशाळेत तिला ताप भरला. दीर म्हणाला, मी पुढं जाऊन सोय बघतो, चार दिवसांत परत येतो. गाडी घेऊन गेला. अस्थींचा गडू गाडीतच राहिला. बाई ओसरीवर घोंगडं पांघरून नदीच्या पलीकडच्या घंटा ऐकते आहे, कोणती घंटा कुठल्या देवळाची हे तिला आता आवाजावरून कळायला लागलंय, म्हणजे चार दिवस कधीच उलटून गेलेत.

त्या पानावर परतीचा पाऊस आला.

दुपारी, ध्यानीमनी नसताना. आधी वाऱ्यानं पानं फडफडली, मग चौकाच्या फरशीवर रुपयाएवढे थेंब. सर ओरडत सुटले, "उचला! उचला! गोटे बाजूला, पुस्तक छातीशी!" आम्ही घोड्यांचे रोग आणि राजांची वंशावळ पोटाशी धरून पडवीकडं धावलो. आक्का पदराखाली पुस्तक घेऊन खांबाला टेकून उभी होती आणि पदराच्या आत मान घालून वाचत होती. सरांनी पुस्तकासाठी हात पुढं केला. त्यांना तिचं तोंड दिसलं असावं, कारण आवाज खाली आला. "मिट आता पोरी. पुढच्या वर्षी तुलाच देतो. पुस्तक काय पळून जातंय?"

पळून पुस्तक गेलं नाही. त्याच महिन्यात जयसिंगपूरचं स्थळ आलं. भुसारीचं दुकान, एकुलता एक मुलगा, घरची माणसं सज्जन. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि आक्काला कोणी कारण विचारलंही नाही. मार्गशीर्षात लग्न झालं. पुढच्या ऑक्टोबरात मी चौकात बसलो तेव्हा लाल बांधणीचं पुस्तक दुसऱ्या कोणाच्या तरी पुढ्यात होतं. तो मुलगा कावळ्यांना खडे मारत होता. मला त्याच्या जागी बसायला मिळेल का म्हणून सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझं घोडं सोडू नको. अर्धं वाळलेलं पुस्तक नव्या हातात देत न्हाईत." त्यांचे नियम असे होते. त्यानंतर ते निवृत्त झाले आणि नियमांबरोबर वाळवणही गेलं.

वाळवण बंद होण्याला कारणं होती, आणि ती चांगली होती. नव्या मंडळींचं म्हणणं, ऐतिहासिक ठेवा सतरंजीवर पसरून ठेवणं बरं दिसत नाही, मुलं हाताळतात, ऊन कागदाला घातक. लोखंडी कपाटं आली, घट्ट दारांची. जतन शास्त्रीय झालं. खोलीचं कुलूप आता बारा महिने बंद राहू लागलं.

मी पुढं दुसऱ्या गावच्या कॉलेजात इतिहास शिकवला. दर भाऊबीजेला जयसिंगपूरला जायचो, साडी घेऊन. आक्का साडीवर हात फिरवायची, "बरी हाय" म्हणायची, आणि ताटावर बसवल्यावर विचारायची, "बापू, मिळालं का रं ते?" मी त्या वर्षीचं कारण सांगायचो. परवानगी संचालक देतात आणि संचालक परदेशी आहेत. खोलीचं छत गळतंय. ग्रंथपालाचं पद रिकामं आहे. पद भरलंय, पण किल्ली आधीच्या माणसाच्या नावावर आहे. दुसऱ्या गावांतल्या ग्रंथालयांतही मी ते पुस्तक शोधलं. दुसरी प्रत कुठं आढळली नाही. कोणत्या तरी दिवाळीत वैतागून मी म्हणालो, "अगं, बाईनं पुस्तक लिहिलंय म्हणजे ती घरी पोचलीच असणार की! त्याशिवाय छापलं कसं?"

आक्का वाढता वाढता थांबली. म्हणाली, "लिहिलं तिनं. छापलं कुणी, ठावं हाय तुला? आणि पोचली म्हणतोस, तर कुठल्या घरात? दिराच्याच की."

इतिहासाची पदवी माझ्याकडं होती.

तिनं मनानं शेवट रचला असेल असं मला वाटायचं. इतकी वर्षं माणूस काहीतरी रचतोच. एकदा तसं विचारलंही. ती म्हणाली, "रचायला काय, दुकानात बसून कितीबी रचलं असतं. पण मग वाचायची गरज उरली न्हाई की." तिची मुलं मोठी झाली, भावोजी गेले, दुकान मुलानं मोबाइलचं केलं. ती बाई नर्मदेच्या काठावर घोंगडं पांघरून बसून राहिली.

गेल्या वर्षापासून आक्काचे डोळे जातायत. पडद्याचा आजार. उजव्या डोळ्यातलं मधलं गेलंय; माणूस समोर आला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डाव्या डोळ्यात अजून अक्षर आहे. भिंग घेऊन, कोंबडीसारखी मान तिरकी करून ती पेपरातले मथळे वाचते. डॉक्टर तरुण आहेत आणि गोड बोलतात. म्हणाले, "आजी, जे वाचायचं राहिलंय ते या दिवाळीपर्यंत वाचून घ्या." त्यांना वाटलं असेल, एखादी पोथी वगैरे.

त्यामुळं निमंत्रणपत्रिका आली तेव्हा मी आधी ती दोनदा वाचली. जाड कागद, सोनेरी कड, दहा-बारा नावं आणि त्यांच्या पदव्या. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून टाकल्यासारखं: दुर्मिळ ग्रंथदालन सर्वांसाठी खुले. मी जयसिंगपूरला फोन लावला. आक्का म्हणाली, "न्हेतोस का मला?"

सकाळच्या एसटीनं ती आली. धुवट पातळ, हातात पिशवी, पिशवीत भिंग आणि दोन लाडवांचा डबा. "लाडू कशाला?" मी म्हटलं. "वाचता वाचता दुपार झाली तर?" ती म्हणाली.

ज्या चौकात पुस्तकं वाळत, तिथं मांडव घातला होता. ऑक्टोबरचं ऊन अडवायला वर जाड कापड, खाली पंखे. फुलांच्या रांगोळीत पुस्तकाचं चित्र काढलं होतं आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. पाहुणे उशिरा आले. दीप, फीत, शाल, श्रीफळ. ग्रंथ आपले गुरू, ग्रंथ आपले मित्र, ग्रंथ आपले दीपस्तंभ असं एकामागून एक वक्ते सांगत होते. ग्रंथांचं इतक्या नात्यांनी कौतुक करणाऱ्या त्या व्यासपीठावर एकही पुस्तक नव्हतं, पुष्पगुच्छ मात्र ढीगभर. मोबाइलमुळं तरुण पिढी वाचत नाही, असं पाहुणे म्हणाले आणि तेवढ्यात त्यांचाच वाजला. "ही संपदा आजपासून जनतेची आहे!" अशा वाक्यावर भाषण संपलं. टाळ्या झाल्या.

आक्का मला कोपरानं ढोसून म्हणाली, "चल ऊठ. बघू तरी, जनतेला देत्यात का."

दालन देखणं केलंय, हे नाकारता येत नाही. मंद दिवे, काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक ग्रंथ, आपलं सर्वांत सुंदर पान उघडून झोपलेला. खाली माहितीचा फलक. लोक रांगेनं पुढं सरकत होते. प्रत्येक पेटीजवळ मोबाइल वर व्हायचा आणि खाली व्हायचा. मला तिथं एकदम देवदर्शनाची रांग आठवली: थांबायचं नाही, हात लावायचा नाही, पुढं चला. खुलं या शब्दाचा हाही एक अर्थ असतो. दार खुलं आणि पुस्तक बंद. की पुस्तक खुलं, पण एकाच पानावर. आक्का प्रत्येक काचेला नाक लावून, मान तिरकी करून बघत होती. काचेवर दिवा चमकायचा आणि तिला तेवढाच दिसायचा. "न्हाई हे. हेबी न्हाई. ह्यो तर हत्ती हाय."

आताच्या ग्रंथपाल तरुण आहेत. स्नेहल मॅडम, हुपरीच्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं नाही, घड्याळ बघितलं नाही. समारंभाच्या दिवशी हे मोठंच. "लाल बांधणी, नावेचं चित्र. आहे ते. पेटीत नाही ठेवलं, आत आहे," त्या म्हणाल्या. आक्कानं माझं मनगट धरलं. तिचा तळहात कोरडा होता, पण गार.

आतल्या खोलीत टेबलावर त्यांनी पांढरं कापड पसरलं, हातमोजे घातले आणि पुस्तक आणलं. मला ओळखू आलं नसतं. लाल रंगाचा चहासारखा रंग झाला होता. पहिलं पान उघडलं, नाव दिसली. आक्का हसली. पिशवीतून भिंग काढलं, पदरानं पुसलं आणि टेबलाशी खुर्ची ओढली.

"आजी, कुठंवर वाचलं होतं तुम्ही?"

"नर्मदेच्या काठाला. ताप आलाय तिला. अर्ध्याच्या जरा म्होरं बघा."

मॅडम एकेक पान उलटत गेल्या. मी डोळ्याच्या कडेनं गावांची नावं बघत होतो. बैल आजारी पडला. पाटल्या मागितल्या. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी कड चाचपली, दुसऱ्या कडेनं प्रयत्न केला, पुस्तक उचलून उजेडात धरलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "याच्या पुढची पानं उघडत नाहीत."

उरलेलं पुस्तक एकजीव झालं होतं. पानं नव्हतीच, वीट होती. जुन्या कागदाला खळ लावलेली असे, ती ओल पिऊन चिकटली होती. पुराच्या वर्षांत पंचगंगेचं पाणी ग्रंथालयापर्यंत पोचलं नाही, याचा तेव्हा किती अभिमान आम्ही बाळगला. पाणी पोचलं नाही. ओल पोचली, आणि त्या घट्ट दारांच्या कपाटांत शिरल्यावर तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही.

"स्कॅन केलं असंल की," मी म्हटलं. "बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय तसं."

"केलंय सर. उघडली तेवढ्याच पानांचं." त्या खाली बघत म्हणाल्या. "सोडवता येतात पानं. प्रयोगशाळेत पाठवायला लागतं. प्रस्ताव पाठवलाय आम्ही. दोनतीन वर्षं तरी... आणि शाई कितपत राहील ते सांगता येत नाही."

आक्कानं हातमोजे न घालता त्या विटेच्या कडेवरून बोट फिरवलं. मॅडमनी बघितलं, पण अडवलं नाही.

"ऊन दाखवत न्हाई आता ह्यास्नी?"

"नाही आजी. उन्हानं कागद जळतो. पिवळा पडतो, तुटतो."

"व्हय," आक्का म्हणाली. "पिवळा पडायचा खरा."

दोघींचंही खरं होतं. मुजावर सरांच्या उन्हानं त्या पुस्तकाचं नुकसान केलं असेलच. शास्त्र खोटं सांगत नाही. मी एवढंच म्हणेन, की पिवळं पान वाचता येतं. पण हे त्या मुलीला ऐकवण्यात काय अर्थ होता? कपाटं बंद झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

तेवढ्यात प्राचार्य आत आले, मागं फोटोग्राफर. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, जुन्या काळातल्या विद्यार्थिनी आल्यात. प्राचार्यांचा चेहरा उजळला. "वा वा! आम्हाला हेच हवं होतं. आजी, तुम्ही आमच्या कॉलेजचं भूषण! एक फोटो होऊन जाऊ दे ग्रंथाबरोबर."

मी काहीतरी बोलणार होतो. आक्का म्हणाली, "असू दे बापू."

त्यांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. हातमोज्यांचा नियम फोटोपुरता शिथिल झाला. "आज्जी, भिंग बी धरा, भारी दिसतंय," फोटोग्राफर म्हणाला. मग, "आज्जी, हिकडं बगा. पुस्तकाकडं नको, माझ्याकडं. जरा हसा की." आक्का वर बघेना. तो तीनतीनदा सांगून थकला. प्राचार्यांनी घसा खाकरला. ती पुस्तक दोन्ही हातांत घेऊन, मान तिरकी करून, जिथं पान संपून वीट सुरू होते तिथं डावा डोळा लावून बसली होती. शेवटी त्यानं तसाच फोटो काढला. "नॅचरल आलाय," असं स्वतःलाच म्हणाला.

बाहेर पोहे आणि पेढे होते. आम्ही घेतले नाहीत. स्टँडवर जयसिंगपूरची गाडी लागायला वेळ होता. आक्कानं बाकावर बसून डबा उघडला, एक लाडू मला दिला, एक स्वतः खाल्ला. मी प्रस्तावाबद्दल बोललो, ओळखीच्या एका माणसाबद्दल बोललो, पत्र लिहितो म्हणालो. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. समोरून माणसं जात होती आणि ती त्यांच्याकडं बघत होती, म्हणजे त्यांच्या कानांकडं. गाडी लागल्यावर पायरीवरून मागं वळून म्हणाली, "त्या पोरीला बोल लावू नको. लई वंगाळ वाटलं तिला." मग कंडक्टरनं दार ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. समारंभाची बातमी आतल्या पानावर, दीपप्रज्वलनाचा फोटो लहान, आणि त्याच्यावर आक्काचा मोठा. खरोखर सुरेख आला होता. पांढरे केस, वाकलेली मान, भिंग, हातातलं जुनं पुस्तक. कोणालाही वाटावं, बाई जगाचं भान विसरून वाचतेय. खाली ओळ होती: दुर्मिळ ग्रंथाच्या वाचनात रंगलेल्या ज्येष्ठ वाचक.

आक्काचा फोन मी करायच्या आधीच आला. शेजाऱ्यांनी तिला पेपर आणून दिला होता, पण फोटो भिंगातूनही नीट लागत नव्हता. "काय लिहिलंय रं खाली?" मी वाचून दाखवलं.

ती मोठ्यानं हसली. तिचं हसणं अजून तसंच आहे, पडवीत खांबाला टेकून उभ्या असलेल्या मुलीचं. "रंगलेल्या व्हय! मग झालं की. पेपरात आलंय म्हंजे वाचलंच असणार मी."

मीही हसलो. तिकडं दुकानात कोणाचा तरी मोबाइल वाजत होता, मुलगा गिऱ्हाइकाशी बोलत होता. मला वाटलं, तिनं फोन ठेवला.

"बापू," ती म्हणाली, "ती घरी पोचली का न्हाई, त्याचं काय लिहिलंय का रं त्यात?"

मी पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. ती ओळ एवढीच होती, तरी शेवटपर्यंत वाचली.

"न्हाई आक्का," मी म्हणालो.